कमरचाचांनी काय शोधलं

वाळूजच्या एका गिअर कारखान्यात कमरोद्दीन शेख एकतीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. सगळा कारखाना त्यांना कमरचाचा म्हणायचा आणि सगळ्यांची त्यांच्याबद्दल एकच तक्रार होती, की हा माणूस चिठ्ठीशिवाय वॉशरसुद्धा हातात ठेवत नाही. मॅनेजर स्वतः खिडकीशी येऊन उभा राहिला तरी चाचा चष्म्यावरून बघत आणि शांतपणे विचारत, "साहेब, मागणीपत्र?" निवृत्तीच्या दिवशी स्टोअरची मोजणी झाली, तेव्हा एका नटाचाही फरक निघाला नाही.

अशा माणसाला एक गोष्ट आठवत नव्हती. दोन वर्षं झाली, आठवतच नव्हती.

त्यांची बायको हसीना सहा वर्षं साखरेच्या दुखण्यानं आजारी होती. नजर अधू झालेली, त्यामुळं सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई चाचाच द्यायचे. एका संध्याकाळी त्यांच्या पडेगावच्या घरी मुलीच्या सासरची माणसं आली होती. चहा, नाश्ता, गप्पा, घरभर गडबड. जेवणाआधी हसीनानं विचारलं, "सुई दी क्या जी?"

"दी ना," चाचा बोलून गेले.

थोड्या वेळानं त्यांनाच शंका आली, की दिलीच नाही. म्हणून त्यांनी दिली. ती पहिली होती की दुसरी? पहाटे नमाजेला उठले, तर हसीना घामानं चिंब, हाक मारली तरी ओ देईना. दवाखान्यात नेलं, आणि दुपारच्या आत ती गेली. डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलं. लोक म्हणाले, अल्ला की मर्जी. चाचांनीही मान हलवली.

पण मन जागचं हलेना. मुलीला, शाइस्ताला, काय विचारणार? डॉक्टरला काय सांगणार? शेवटी त्यांनी फोनला विचारलं. दुपारच्या जोहरच्या नमाजेनंतर मशिदीबाहेरच्या बाकावर बसायचं, आणि एका बोटानं अक्षर अक्षर दाबत लिहायचं. इन्सुलिन दोनदा दिलं तर काय होतं. किती वेळात माणूस जातो. त्रास होतो का. झोपेतच जातो का. डॉक्टरला कळतं का. उत्तर वाचायचं, फोन खिशात टाकायचा, चार पावलं चालायचं, पुन्हा काढायचा. आठ-पंधरा दिवस बरे जायचे, की पुन्हा एखाद्या दुपारी तोच प्रश्न, फक्त शब्द मागंपुढं.

शेजारच्या गल्लीत द्वारकाबाई राहायला आल्या त्या याच काळात. मूळच्या पिशोरच्या, तिथं घरची शेती. मुलगा इंद्रजीत वाळूजला इंजिनिअर, सून श्रेया बँकेत. म्हातारीला गावात एकटं ठेवायचं नाही म्हणून त्यांनी तिला पडेगावला आणलं, आणि इथं ती सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत एकटीच राहू लागली. तिलाही साखर, तिलाही सुई. हात थरथरायचा. कुणीतरी तिला कमरचाचांचं नाव सांगितलं.

"भाऊ, तुमचा हात लई हलका हाय म्हणत्यात," ती फाटकाशी येऊन म्हणाली. "मला टोचून देत जाल का सकाळची? पोराला घाई असती, सुनंला भेव वाटतं."

चाचांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा त्यांनी एक अट घातली. वही ठेवायची. तारीख, वेळ, किती युनिट, आणि खाली द्वारकाबाईंची सही. सहीशिवाय सुई नाही.

"अगं बाई! तलाठी बरा की वो तुमच्यापरीस," द्वारकाबाई हसल्या. पण चौथी शिकलेल्या होत्या, सही करायच्या. नोव्हेंबरपासून रोज सकाळी साडेनऊला चाचा जायचे, सुई द्यायचे, सही घ्यायचे. द्वारकाबाई त्यांना पिशोरच्या बाजाराच्या गोष्टी सांगायच्या. त्या पाऊण तासात चाचांचा जीव थोडा स्थिर असायचा.

सतरा फेब्रुवारीला सुई दिल्यावर दोन तासांनी द्वारकाबाई स्वयंपाकघरात कोसळल्या. भांड्याचा आवाज ऐकून शेजारीण धावली, तिनं चाचांना बोलावलं, चाचांनी रिक्षात मांडीवर डोकं घेऊन त्यांना दवाखान्यात नेलं. उपयोग झाला नाही.

इंद्रजीत वाळूजहून आला तो पांढराफटक पडलेला. आईकडं बघितलं, मग चाचांकडं बघितलं. "सकाळी किती दिलं होतं, चाचा?"

"चौदा. रोजच्याइतकंच. वही आहे बेटा."

 संध्याकाळी इंद्रजीत पोलीस ठाण्यात गेला आणि आईच्या मृत्यूबद्दल आपल्याला संशय आहे असं लिहून दिलं. शवविच्छेदन झालं, डॉक्टरांनी हृदयाचा भाग आणि व्हिसेरा तपासणीला पाठवला आणि मत राखून ठेवलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली. घरात बाहेरचा माणूस घ्यायचाच कशाला, असं कुणीतरी म्हणालं. "बाहेरचा" हा शब्द जरा दाबून म्हणालं. चाचा तेव्हा दुकानातून दूध घेत होते.

चौथ्या दिवशी ठाण्यातून फोन आला. सहायक निरीक्षक वयानं मोठा होता, तोंडानं गोड होता. त्यानं वही चाळली, पानं उलटसुलट केली.

"चाचा, एवढं लिहून कोण ठेवतं? सही बिही? उद्या कुणी विचारणार आहे, हे तुम्हाला आधीच माहीत होतं काय?"

 वही का ठेवली हे सांगायचं, तर हसीनापासून सांगावं लागलं असतं.

"सवय आहे साहेब. स्टोअरची."

"बरं. फोन ठेवा इथं टेबलावर. आणि उघडायचा पॅटर्न सांगा. तुम्ही कुणाशी बोलता, काय शोधता, जरा बघू. दहा मिनिटांचं काम आहे."

चाचांचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. आतला एकेक प्रश्न समोरच्या भिंतीवर लिहिलेला असावा तशी त्यांची नजर फिरली. किती वेळात माणूस जातो. डॉक्टरला कळतं का. आणि मग, कसं कोण जाणे, एकतीस वर्षांचं वळण तोंडातून बाहेर पडलं.

"साहेब, लेखी काही आहे का?"

साहेबाचं हसू मावळलं. "काय?"

"फोन घेताय तर लेखी द्या. कशासाठी, कोणत्या कलमाखाली, काय बघणार. मग देतो."

"लपवण्यासारखं काही नसलं, की माणूस लेखी मागत नाही, चाचा."

चाचांनी मान खाली घातली. साहेबाचं बोलणं खोटं नव्हतं. लपवण्यासारखं होतंच, फक्त ते द्वारकाबाईंचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेखी आलं. फोन जमा करावा. शिवाय फोनवरून गेल्या तीन वर्षांत काय काय शोधलं त्याची संपूर्ण नोंद संबंधित कंपनीकडून मागवण्यात येत आहे. तीन वर्षं. चाचांनी कागद पाच वेळा वाचला. तीन वर्षांत हसीना होती, हसीनाचं जाणं होतं आणि त्यानंतरची प्रत्येक दुपार होती.

शाइस्ता उर्दू शाळेत शिक्षिका होती. तिच्या ओळखीनं ते संध्याताई नावाच्या वकिलांकडं गेले. जिल्हा कोर्टासमोर छोटं ऑफिस, भिंतीला टेकून फायलींच्या थप्प्या. संध्याताईंनी नोटीस वाचली, फोन चाचांसमोर ठेवला आणि विचारलं, "यात काय आहे?"

"काही नाही."

"काही नसतं तर तुम्ही असे खुर्चीच्या टोकावर बसला नसता. हरकत नाही, आत्ता मला सांगू नका." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "कलम चौऱ्याण्णव आहे. त्याखाली पोलीस तपासासाठी वस्तू मागू शकतात, फोनसुद्धा. पण जे मागतात ते त्या तपासाला लागतंय, हे त्यांना सांगता आलं पाहिजे. बाई गेल्या या फेब्रुवारीत. तुम्ही त्यांच्याकडं जायला लागलात नोव्हेंबरात. तीन वर्षं कशाला?"

"आणि पॅटर्न? तो सांगावाच लागतो?"

"संविधानात आहे, कुणाला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. पासवर्ड त्यात बसतो की नाही, यावर सगळ्या कोर्टांचं अजून एकमत नाही. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. आपण कोर्टात अर्ज करू. फोन बघायचाच असेल तर ठरावीक दिवसांपुरता, पंचांसमोर, माझ्यासमोर."

शाइस्ता बापाकडं बघत होती. परत येताना रिक्षात तिनं विचारलं, "अब्बा, क्या है उसमें?" चाचा बाहेर बघत राहिले. छावणीच्या झाडांमागून झाडं सरत होती.

अर्जावर सुनावणी व्हायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत चाचा एका जागी म्हणून बसले नाहीत. सकाळी दौलताबादच्या रस्त्यानं चालत सुटायचे, कुठल्याशा ढाब्यापर्यंत जायचे आणि चहा न पिताच परत फिरायचे. घरी आले की फ्रिज उघडायचे, बंद करायचे. शाइस्ता आपल्या घरून दोन वेळा डबा घेऊन यायची. डबा तसाच राहायचा.

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, "महोदया, निर्दोष माणसाला भीती कशाची?"

मॅजिस्ट्रेट बाई तरुण होत्या. त्यांनी वर न बघता तपास अधिकाऱ्याला विचारलं, "यांनी मयत बाईंना सुया द्यायला कधी सुरुवात केली?"

"नोव्हेंबरमध्ये, मॅडम."

"मग त्याच्या आधीची पावणेतीन वर्षं कशासाठी हवीत? काय सापडेल अशी अपेक्षा आहे?"

"मॅडम, काही सापडलं तर…"

"काही सापडलं तर, हे कारण होत नाही. बाईंची तब्येत कधीपासून बिघडली असं मुलाचं म्हणणं आहे?"

"फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून."

आदेश झाला. एक ते सतरा फेब्रुवारी, एवढ्याच दिवसांचा शोध. औषध, सुई किंवा मयत बाई यांच्याशी संबंधित असेल तेवढाच. कंपनीकडूनही त्यापलीकडचं मागायचं नाही. फोन तज्ज्ञानं उघडायचा, पंच आणि वकील हजर राहतील. बाकीचं कुणी वाचायचं नाही.

बाहेर आल्यावर संध्याताई म्हणाल्या, "सुटलात चाचा, बऱ्यापैकी." चाचांना मात्र आदेशातली शेवटची तारीखच दिसत होती.

सतरा तारीख. द्वारकाबाईंना दवाखान्यात सोडून ते परतले, तेव्हा दुपार होती. बाकावर बसले होते, हे आठवत होतं. खिशातून फोन काढला होता का? लिहिलं होतं का? आठवेना. हसीनाची सुई आठवत नव्हती तशीच ही दुपार आठवेना. अर्जाबरोबरच फोन जमा केला होता; तो आता पोलिसांच्या सीलबंद पाकिटात होता, बघताही येत नव्हतं.

त्या संध्याकाळी शाइस्ता डबा घेऊन आली तेव्हा ते अंगणात येरझारा घालत होते. ती पायरीवर बसली. "आता बसा. तुम्ही बसल्याशिवाय मी उठणार नाही."

चाचा बसले नाहीत. चालता चालताच त्यांनी सांगितलं. पाहुणे, चहा, "दी ना," आणि मग पुन्हा दिलेली सुई. फोनला विचारलेले प्रश्न, एकेक. शेवटचा प्रश्न सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की शाइस्ताला पुढं वाकावं लागलं.

 ती म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही फोनला विचारलंत, अब्बा. मला नाही?"

"तू काय म्हणशील, याचं भ्याव होतं."

"मी त्या संध्याकाळी इथंच होते. मलाही आठवत नाही तुम्ही कधी सुई दिली. मी पण कधी विचारलं नाही. मलाही भीती वाटत होती." ती रडायला लागली, आणि चाचा पहिल्यांदा तिच्याशेजारी पायरीवर टेकले.

फोन उघडायच्या दिवशी एका लहान खोलीत सहा माणसं होती. तज्ज्ञ पोरगेलासा होता, मान वर न करता काम करत होता. पडद्यावर दोन ओळी आल्या. सतरा फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं: इन्सुलिन विसरून दोनदा दिलं तर किती वेळात. चार वाजून तेरा मिनिटं: चुकून झालं तर गुन्हा होतो का.

 साहेब खुर्ची ओढून चाचांसमोर बसला. "हे काय आहे?"

"उत्तर द्यायलाच हवं असं नाही," संध्याताई म्हणाल्या. "चाचा, ऐकताय ना?"

चाचा ऐकत होते. पण दोन वर्षं हा प्रश्न कुणी माणसानं विचारला नव्हता, आणि आता विचारला गेला तर त्यांना गप्प बसवेना.

"ते द्वारकाआक्कांसाठी नव्हतं साहेब. माझ्या बायकोसाठी."

"तुमची बायको तर दोन वर्षांपूर्वी वारली ना?"

"व्हय. म्हणूनच तर."

"चाचा, बास," संध्याताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

साहेब तज्ज्ञाकडं वळला. "मागचं उघड जरा. दोन वर्षांपूर्वीचं."

"आदेशात नाही," संध्याताई म्हणाल्या. "हवं असेल तर पुन्हा कोर्टात या, कारण लिहून द्या. पंच इथं बसलेत."

तज्ज्ञानं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. साहेब थोडा वेळ चाचांकडं बघत राहिला. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते चाचांना कळेना. हा माणूस उद्या हसीनाची कबर उकरायला निघेल, असंही वाटून गेलं. शेवटी साहेब पंचनाम्यावर वाकला आणि म्हणाला, "दोन ओळी. लिहा."

त्यानंतरचे पाच आठवडे सगळ्यांत वाईट गेले. दारावरून मोटारसायकल गेली तरी चाचा उठून उभे राहायचे. संध्याताई रागावल्या होत्या: "तुम्ही तोंड उघडायला नको होतं." शाइस्ता रोज यायची. आता दोघं हसीनाबद्दल बोलायचे. कधी बोलता बोलता भांडायचे, कधी एकाच वेळी गप्प व्हायचे.

एप्रिलच्या अखेरीस अहवाल आला. द्वारकाबाईंच्या हृदयाची मुख्य रक्तवाहिनी बंद झाली होती. व्हिसेरात विष नव्हतं. मृत्यू नैसर्गिक. ठाण्यातून फोन परत मिळाला तेव्हा साहेबानं पोच घेतली आणि जाता जाता म्हणाला, "तुमच्या बायकोचं मी काही पुढं नेलं नाही. नेण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं."

चाचांना त्यात दिलासा वाटायला हवा होता. वाटला नाही. दुसऱ्याच सकाळी ते शाइस्ताला घेऊन हसीनाच्या दवाखान्यात गेले, अर्ज केला आणि दोन वर्षांपूर्वीचे कागद मागितले. डॉक्टरांनी फाइल त्यांच्यासमोरच उघडली. दाखल करताना साखर एकशे अडुसष्ट.

"मग तर कमी नव्हती!" शाइस्ता म्हणाली.

डॉक्टरांनी लगेच मान हलवली नाही. "इथं आणण्याआधी कुणी ग्लुकोज लावलं होतं का? त्यानं उतरलेली साखर वर येते."

लावलं होतं. पडेगावच्या डॉक्टरनं, घरीच. तेव्हाची साखर त्यानं तपासली की नाही, कुठंच लिहिलेलं नव्हतं; आणि तो डॉक्टर गाव सोडून गेला होता.

"मग मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही शक्य आहे. त्यांचं हृदय आधीपासून कमजोर होतं, एवढं या कागदांवर दिसतंय. त्यापलीकडं मी काही म्हटलं, तर ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं असेल."

चाचांनी त्यांचे आभार मानले. जिना उतरताना शाइस्तानं त्यांचा दंड धरला होता, आणि त्यांनी तो धरू दिला.

मेच्या पहिल्या रविवारी इंद्रजीत फाटकाशी आला. अडीच महिन्यांत बराच वाळला होता. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच थांबला.

"चाचा, माफ करा म्हणायला तोंड नाही. त्या सकाळी आईनं मला फोन केला होता. छातीत जड वाटतंय म्हणाली. मी मीटिंगमध्ये होतो. नंतर करतो म्हणालो." तो उंबऱ्याकडं बघत म्हणाला, "मला कुणाचा तरी दोष हवा होता."

चाचांना एकदम राग आला. पाच आठवडे, नऊ दिवस, गल्लीतल्या नजरा, ती दोन ओळींची खोली. तो राग त्यांनी तोंडापर्यंत आलेला ओळखला, आणि इंद्रजीतच्या चेहऱ्याकडं बघून थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"छातीचं मला नाही बोलल्या," ते अखेर म्हणाले. "मला बोलल्या असत्या तर मी तेव्हाच रिक्षा आणली असती. हे तुला ऐकायचंय की नाही, मला माहीत नाही, पण असंच आहे."

इंद्रजीतनं मान हलवली.

"त्या दिवशी काय बोलल्या ते विचार. ते मला सगळं आठवतं."

इंद्रजीत आत आला आणि बाजेच्या कडेला बसला. चाचा उभेच राहिले. एकदा खिडकीपर्यंत गेले, परत आले, आणि सांगायला लागले. पिशोरच्या बाजारातून द्वारकाबाईंनी लेकासाठी आणलेल्या पहिल्या चपला, पायाला मोठ्या झालेल्या, त्यात कापूस कोंबून घातलेल्या; त्या सकाळी सुई टोचेपर्यंत त्या हेच सांगत हसत होत्या.